बांगडा, काटा सुटेपर्यंत: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आज वही उघडली. प्रकल्प तसा छोटाच. एकच मासा, बांगडा. दर सुट्टीच्या दिवशी तो एका वेगळ्या पद्धतीने शिजवायचा आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवायच्या: साफ केल्यावरचं वजन, पाठीजवळची जाडी, आतल्या भागाचं तापमान, शिजल्यावरचं वजन. पाचवी गोष्ट चव. ती आकड्यात बसत नाही, म्हणून मावशीवर सोपवली.

वीस वर्षं मासे करतेय, तरी दोनातला एक बांगडा अजून कोरडा होतो. उरलेल्याची कातडी तव्यालाच राहते. मासा शिजला हे ओळखायचं कसं, याची आजवर मला तीन उत्तरं मिळाली: "कळतं गं", "चुरचुर थांबली की" आणि "रंग बघ". ज्याला आधीच येतं त्याला ती पुरतात. मला शेवटी फ्रिजवर चिकटवण्याजोगं एक कार्ड हवंय.

सामान: ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, सुईच्या टोकाचा थर्मामीटर, मोजपट्टी, लोखंडी तवा. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला, शून्याच्या अगदी जवळ आला. मसाला मुद्दाम वगळलाय. मीठ, तेल, लिंबू, व्हिनेगर, लसूण, मिरी, बस्स. मसाल्याखाली सगळ्या चुका झाकल्या जातात.

"म्हणजे आजाऱ्याचं जेवण," मावशी म्हणाली.

१८ जानेवारी

चार बांगडे आणले, प्रत्येकी दोनशे ते अडीचशे ग्रॅमचे. आजचा दिवस फक्त साफसफाईचा, शिजवणं उद्या. ही नोंद दोन ओळींत उरकेल असं वाटलं होतं, पण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळालं.

आधी ताजेपणा. डोळा फुगीर आणि काळाभोर हवा, खोल गेलेला किंवा दुधाळ नको. कल्ले लाल हवेत, विटकरी नकोत. शेपटीकडून आडवा धरला तर मासा ताठ राहायला हवा. तीन बांगडे ताठ होते, चौथा ओल्या फडक्यासारखा लोंबला. त्याचं पोट बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

पोटच आधी का जातं, हे तोंड उघडल्यावर कळलं. या बांगड्याच्या (शास्त्रीय नाव रास्ट्रेलिजर कानागुर्ता) तोंडात आत बघितलं की कल्ल्यांच्या कमानींवर पिसासारखे लांब दाते दिसतात, एकाला एक लागून, कंगव्यासारखे. तोंड आ वासून पोहायचं आणि पाण्यातले बारीक जीव या चाळणीत अडकवायचे, हे त्याचं जेवण. दिवसभर खाणाऱ्या माशाच्या आतड्यात पाचक रस भरपूर. मासा मेला तरी ते रस थांबत नाहीत, आतून पोटाच्या भिंतीच पचवायला लागतात. म्हणून आतडी जितकी लवकर निघतील तितकं बरं.

क्रम असा ठेवला. कल्ल्यांच्या खालून कात्री घालून कल्ले उचकटायचे, आतडी बरीचशी त्यांच्याबरोबरच येतात. मग पोटाला छोटी चीर. पित्ताची हिरवट पिशवी फुटू द्यायची नाही, फुटलीच तर तेवढा भाग लगेच धुवायचा. यानंतरचं काम मी इतकी वर्षं टाळत आले होते. पोकळीत मणक्याला चिकटून पातळ पडद्याखाली गडद रक्ताची एक रेघ असते. पडदा नखाने फाडून ती रेघ चमच्याच्या टोकाने, वाहत्या पाण्याखाली, डोक्यापासून शेपटीपर्यंत खरवडून काढली. एका माशाला दीड मिनिट. ज्या माशात ती राहिली त्याला शिजल्यावर कडवट गंजासारखी चव येते. आपण "उग्र" म्हणतो ते बऱ्याचदा हेच.

लोंबलेला चौथा बांगडा टाकून दिला. मावशी हळहळली. "तळला असता तर काय झालं असतं?" याच प्रश्नावर थांबून लिहायला हवं.

बांगड्याच्या कुळातल्या माशांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल खूप असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग खाणाऱ्याला काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांध्या उठणं. लोक म्हणतात "मला माशाची ॲलर्जी आहे", आणि बऱ्याचदा ती माशाची नसतेच. वाईट बाब अशी की हिस्टामिन उष्णतेला दाद देत नाही. तळा, उकळा, गोठवा, डबाबंद करा, एकदा तयार झालं की राहतंच. वासावरून दरवेळी कळेलच असंही नाही. उपाय एकच: पाण्याबाहेर आल्यापासून मासा बर्फात.

मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तरी मी मेलं ते आधीच हातात घेऊन सांगितलं होतं, हा नको म्हणून." सांगितलं होतं खरं.

बाकीचे तीन पुसून, फडक्यावर ठेवून, फ्रिजच्या तळात, बर्फाच्या ताटावर.

१९ जानेवारी

पहिली चाचणी, तव्यावर अख्खा बांगडा. जाडी ३ सेंटिमीटर, साफ केल्यावर १८४ ग्रॅम.

फजिती. कातडी चिकटली. उलथन्याने ढकलल्यावर एका बाजूची अख्खी कातडी तव्यावर नकाशासारखी राहिली.

दुसरा मावशीने तिच्या पद्धतीने केला, मध्यम आचेवर, चुरचुर थांबेपर्यंत. तिने "झाला" म्हटल्यावर सुई मणक्याजवळ टोचली तर ८२ अंश. वजन २६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे चतुर्थांश मासा वाफ होऊन आणि तेलात जिरून गेला. मावशीने तो आवडीने खाल्ला. "कोरडा नाही, खुसखुशीत आहे," म्हणाली. कातडी होती खुसखुशीत. आतलं मांस मी पाण्याबरोबर गिळलं.

चुरचुर म्हणजे मुळात पाणी उडण्याचा आवाज. तो थांबेपर्यंत वाट बघणं म्हणजे उडण्याजोगं पाणी संपेपर्यंत वाट बघणं. लिहिताना हे इतकं उघड दिसतंय की इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाही, याचंच नवल.

२० जानेवारी

कातडीचा प्रश्न आज एका बैठकीत सुटला.

ओली कातडी तव्यावर पडली की आच आधी पाणी उडवण्यात खर्च होते. तेवढ्यात तवा थंडावतो, आणि कोमट धातूला माशाचं प्रथिन धरून बसतं. उरलेल्या तिसऱ्या बांगड्याला बाहेरून मीठ चोळून वीस मिनिटं ठेवला. पाणी सुटलं ते पुसलं. मग उघडाच फ्रिजमध्ये दोन तास. कातडी हाताला कागदासारखी लागायला लागली. तवा इतका तापवला की पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चटकन न उडता पाऱ्यासारखा गोल होऊन पळाला. (नॉनस्टिक भांडं असं रिकामं तापवू नये, हा प्रकार फक्त लोखंडासाठी.) मग तेल, मग मासा, आणि पहिली तीन मिनिटं हात मागे.

ही तीन मिनिटं कठीण. हात सारखा शिवशिवतो. पण कातडीतलं पाणी गेलं की ती आपली आपण सुटते. तवा नुसता हलवला तरी मासा सरकला.

अंगावर तिरक्या तीन चिरा दिल्या होत्या. त्याचे फायदे दोन: कातडी आकसून मासा वाकडा होत नाही, आणि पाठीकडचा जाड भाग शिजायचा वेळ पोटाच्या पातळ भागाच्या जरा जवळ येतो. चिरा काट्यापर्यंत नेल्या मात्र चुकून. तिथून रस वाहून गेला. अर्ध्या सेंटिमीटरवर थांबायचं.

२६ जानेवारी

आजची नोंद लांब होणार. तापमानाची शिडी.

सारख्या जाडीच्या सहा तुकड्या, प्रत्येकीत मणका. रुंद पातेल्यात खारट पाणी, उकळी न फुटू देता ८५ अंशांच्या आसपास राखलेलं. प्रत्येक तुकडी मणक्याजवळचं तापमान ठरल्या आकड्याला पोचलं की बाहेर. मग जेवणाच्या काट्याने मांस मणक्यापासून उचकटायचं आणि काय होतं ते लिहायचं.

५० अंश: कडेला पांढरं, मणक्याशी अजून काचेसारखं. मांस मणक्याला घट्ट धरून. ओढलं तर फाटतं, सुटत नाही.

५५: जवळजवळ पांढरं. जोर लावला की सुटतं, मणक्यावर गुलाबी साय राहते. जिभेला रेशमासारखं, मावशीला "कच्चं".

६०: हीच ती. काट्याने नुसतं लोटलं आणि पाकळी निघून आली. मणका स्वच्छ. पाकळीवर ओलसर चकाकी. वजन ११ टक्के घटलं.

६५: तशीच, किंचित घट्ट. बाहेर दह्यासारखे पांढरे ठिपके.

७०: पोटाकडचा पातळ भाग कोरडा. घट १७ टक्के.

८०: धागे. घट २४ टक्के.

असं का होतं? माशाचं मांस म्हणजे आखूड धाग्यांच्या थप्प्या, आणि थप्पी-थप्पीमध्ये पातळ पडदा. पाण्यात तरंगणाऱ्या प्राण्याला स्वतःचं वजन तोलायचं नसतं, त्यामुळे हे पडदे नाजूक, आणि ते पन्नास-पंचावन्नच्या आसपासच विरघळून जिलेटिन होतात. पडदा विरघळला की थप्प्या सुट्या होतात, तीच आपली पाकळी, आणि मणक्यालाही मांस सोडून देतं. धाग्यातलं मायोसिन त्याच सुमारास, थोडं आधीच, गोठून पांढरं झालेलं असतं. दुसरं प्रथिन ॲक्टिन, ते साठीच्या पुढे आवळायला लागतं आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर टाकतं. काटा सुटला आहे आणि पिळवट अजून बसलेली नाही, अशी ही जेमतेम पाच-सहा अंशांची फट आहे. मोठ्या जनावराच्या मांसाला तासन्‌तास शिजवून मऊ करता येतं, कारण त्याचे पडदे चिवट असतात. माशात चिवट असं काही नसतंच. जास्त शिजवून मासा मऊ होत नाही.

पांढरे ठिपके म्हणजे पिळून बाहेर आलेलं प्रथिन. तुकड्या आधी दहा मिनिटं खारट पाण्यात (लिटरला ५० ग्रॅम मीठ) ठेवल्या तर ते पुष्कळ कमी होतं. हे नंतर दोन तुकड्यांवर करून पाहिलं, खरं आहे.

आता सुरक्षिततेचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा घरगुती स्वयंपाकासाठीचा आकडा ६३ अंश आहे. मी ५८ ला आच बंद केली, मासा तव्यावर झाकून ठेवला, तर चार मिनिटांत सुई ६३ वर. बाहेरची उष्णता आत सरकत राहते. म्हणजे दोन्ही साधतं: काटा सुटतो आणि आकडाही गाठला जातो. आच बंद करण्याचा क्षण आणि खाण्याचा क्षण वेगळे, एवढंच ध्यानात ठेवायचं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर ६३ दिसल्याशिवाय ताटात नाही.

मावशीने सहाही तुकड्या आकडे न सांगता चाखल्या. तिने पहिला नंबर ६५ ला दिला, दुसरा ६० ला. ८० ची तुकडी चघळत म्हणाली, "हा कुणी केला?"

मी सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

वाफेवर. ३ सेंटिमीटरचा मासा, पाणी उकळल्यावर आत ठेवला, आठव्या मिनिटाला ५९. घट १० टक्के, आतापर्यंतची सगळ्यात कमी. काही चिकटत नाही, काही जळत नाही. कातडी मात्र ओल्या पावसाळी चपलेसारखी. काढून टाकली.

ताटलीत जमलेलं पाणी आधी ओतून द्यायचं, त्यात वास असतो. मग वरून गरम तेलात परतलेला लसूण. मसाला नसलेल्या पद्धतींत मावशीने दुसऱ्यांदा वाढून घेतलेली ही पहिली.

८ फेब्रुवारी

आंबट पाण्यात. लिंबू आणि व्हिनेगर दोन्ही वेगवेगळे करून पाहिले.

समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमिन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. भोवतीच्या खाऱ्या पाण्याशी तोल राखायला तो लागतो, गोड्या पाण्यातल्या माशांत जवळजवळ नसतो. स्वतः त्याला वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमिन करतात, आणि तो म्हणजे आपला मासळीचा वास. हा पदार्थ अल्कधर्मी. आम्ल लागलं की तो क्षाररूपात बांधला जातो आणि हवेत उडत नाही. लिंबू वास झाकत नाही, त्याला जागीच धरून ठेवतं. हात आणि सुरी आधी साबणाने न धुता लिंबाने का चोळायची, तेही यातच आलं.

पण आम्लाचा दुसरा परिणाम वेळेवर अवलंबून. लिंबात अर्धा तास मुरवलेला बांगडा बाहेरून पांढरा झाला, प्रथिन आम्लानेच गोठलं. तो पाण्यात टाकला तर बाहेरचा थर खडूसारखा. दहा मिनिटं मुरवलेला चांगला. आणि आम्लाने गोठलेला मासा शिजलेला नव्हे. त्यात जंतू किंवा कृमी असतील तर ते तसेच. कच्चा किंवा अर्धकच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा असा नियम आहे तो कृमींसाठी, आणि घरातला फ्रीजर तेवढा थंड असतोच असं नाही.

रस्सा म्हणून पाहिलं तर आजचा सरस. बांगड्याचं तेल पाण्यावर सोनेरी टिकल्यांसारखं तरंगतं. माशात मुरलेलं आंबट, पाण्यात उतरलेलं मासळीचं गोड. पाणी फुटून उकळलं की मात्र तुकड्या मोडतात. बुडबुडे कडेला, मध्ये शांत, असं ठेवायचं.

९ फेब्रुवारी

शिजवणं नाही. पोषणाचा तक्ता करायला बसले आणि अडकले.

गेल्या महिन्यात मी वहीत उतरवलेला "बांगड्याचा" तक्ता बांगड्याचा नाहीच. तो अटलांटिक मॅकरेलचा आहे, स्कॉम्बर स्कॉम्ब्रस. कुळ एक, मासा वेगळा. त्या तक्त्यात कच्च्या १०० ग्रॅमला २०५ किलोकॅलरी, १८.६ ग्रॅम प्रथिन, १३.९ ग्रॅम चरबी. आपला बांगडा त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी चरबीचा असतो. प्रथिन साधारण तेवढंच. शिवाय चरबी हंगामाप्रमाणे हलते, अंडी घालण्याआधी साठते, घातल्यावर उतरते, म्हणून एकच आकडा छापणं हेच मुळात फसवं. एका माशाचा तक्ता दुसऱ्याच्या नावावर खपवला की वाचणारा ओमेगा-३ ची बेरीज चुकीची करतो. मीही तीच केली होती. खोडली.

खात्रीने लिहिता येतं ते असं. प्रथिन शंभराला अठरा-वीस ग्रॅम, आणि पचायला हलकं, कारण धागे आखूड. बी-१२ भरपूर. प्रौढ माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं आणि अटलांटिकच्या तक्त्यात १०० ग्रॅमला ८.७ आहे. सेलेनियम, आयोडिन, ड जीवनसत्त्व. आणि ईपीए, डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ आम्लं. ती जवस-अक्रोडात थेट मिळत नाहीत. त्यांत छोटी साखळी असते आणि शरीर तिच्यातून लांब फार थोडी बनवतं. मासाही ती स्वतः फारशी बनवत नाही. बनवतात सूक्ष्म शैवालं. त्यांना बारीक जीव खातात, आणि ते सगळं बांगड्याच्या पिसांच्या चाळणीत अडकतं.

ओमेगा-३ च्या कीर्तीची सुरुवात १९७० च्या दशकातली. हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग हे डॅनिश संशोधक ग्रीनलंडला गेले आणि सील-मासे खाणाऱ्या तिथल्या लोकांचं रक्त तपासून आले. पुढे त्यातून कॅप्सूलचा बाजार उभा राहिला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोक होते, त्यांतल्या निम्म्यांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३, पाच वर्षांहून जास्त. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून जो मुख्य निकष होता त्यात लक्षणीय घट दिसली नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन तरी आठवड्यातून दोनदा मासा खा म्हणतं, आणि मला त्यात विसंगती वाटत नाही. ताटात मासा आला की दुसरं काहीतरी ताटातून जातं. गोळीने काही जात नाही.

पाऱ्याचं. मोठा मासा लहान माशाला खातो आणि त्याचा पारा साठवतो, वर्षानुवर्षं. बांगडा या खाण्याच्या साखळीत अगदी तळाशी जेवतो आणि काही वर्षंच जगतो, म्हणून त्यात कमी. अमेरिकी तपासण्यांत अटलांटिक मॅकरेलमध्ये सरासरी ०.०५ पीपीएम (दहा लाखांत इतका भाग) आणि किंग मॅकरेलमध्ये ०.७३. नावात मॅकरेल असलं तरी तो सुरमईच्या गोतावळ्यातला, मोठा शिकारी. गरोदर बायकांना टाळायला सांगतात तो किंग. मावशीच्या एका मैत्रिणीने कुठेतरी "मॅकरेल खाऊ नका" वाचून नऊ महिने बांगडा सोडला होता. पुन्हा नावाचाच घोळ.

मांसातला गडद भाग काढून टाकावा का, हे मावशीने विचारलं. तो कातडीखाली, अंगाच्या मधोमध, विटकरी रंगाचा असतो. न थांबता पोहायचं तर प्राणवायू साठवणारे स्नायू लागतात, तेच हे. लोह आणि चरबी तिथे जास्त, आणि चरबी जास्त म्हणून तोच आधी खवट होतो. ताजा असेल तर ठेवावा. मी आधी काढून टाकायची.

१५ फेब्रुवारी

ओव्हन, २०० अंश. कॅनडाच्या मत्स्य खात्याच्या नावाने एक जुना नियम फिरतो: सर्वांत जाड ठिकाणी दर इंचाला दहा मिनिटं. तीन सेंटिमीटरला बारा मिनिटं आली. बाराव्या मिनिटाला सुई ७१.

नियम मोडीत काढायची घाई नको. मासा फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर राहिला होता आणि ट्रे आधीच तापलेला होता. दुसरा सरळ फ्रिजमधून, थंड ट्रेवर: बाराव्या मिनिटाला ६४. म्हणजे नियम थंड माशाचा. कार्डावर "नऊ मिनिटांनी टोचून बघ" लिहिणार.

कागदात गुंडाळलेला तिसरा जेमतेम बरा. वाफवलेल्यासारखाच, वेळ दुप्पट.

१६ फेब्रुवारी

जाळीवर, निखाऱ्यावर. चरबी टपकली, ज्वाळा उठल्या, अर्धी बाजू काळी. निखारे एका कडेला ओढून मासा दुसऱ्या कडेला ठेवला तेव्हा जमलं. चव सगळ्यात चांगली, आकडे सगळ्यात वाईट. एकाच माशात डोक्याकडे ७४, शेपटीकडे ८८. जळका भाग काढून टाकला. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, हात बसायला हवा.

२२ फेब्रुवारी

कुकर. हे मूळ यादीत नव्हतं. डबाबंद माशाचे काटे खाता येतात, तर घरी का नाही, असा विचार आला.

दोन बांगडे, थोडं व्हिनेगर, थोडं पाणी, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर पाऊण तास. आत साधारण १२० अंश होतात. उघडलं तर बारीक काटे दिसेनासे, मणका दोन बोटांत दाबला की खडूसारखा भुगा. माझा साठ अंशांचा सिद्धांत इथे पालथा: मांस ओलं नाही, पण चिवटही नाही, भुसभुशीत. पडदे, चरबी, काट्यातलं कोलॅजन (पडद्यांतलंच प्रथिन), सगळं रसात उतरलेलं. थंड झाल्यावर त्या रसाची जेली झाली.

म्हणजे बांगडा एक तर साठला काढावा, नाही तर इतका शिजवावा की काटाच उरू नये. मधली सगळी जागा कोरडी. काट्यासकट खाल्ल्याने कॅल्शियमही मिळतं, जे नुसत्या मांसात फारसं नसतं. काट्याला भिणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत पहिली. एक ताकीद: हे डबाबंद करणं नव्हे. दोन दिवस फ्रिजमध्ये, त्यापुढे नाही.

मावशीने कुस्करून मिरी घातली आणि माझ्या देखत नियम मोडून त्यात कांदाही घातला. मी काही बोलले नाही. मीही खाल्लं.

२३ फेब्रुवारी

फ्रीजरमधला, सहा आठवड्यांचा बांगडा. दोन होते. एक पाण्यात बुडवून बर्फाच्या कवचासकट ठेवलेला, दुसरा नुसत्या पिशवीत. पिशवीतल्याच्या पोटाला पिवळसर डाग आणि जुन्या तेलाचा वास. असंपृक्त चरबी हवेशी लागली की खवट होते, फ्रीजरमध्येही, फक्त सावकाश. ज्या गुणासाठी हा मासा खायचा तोच त्याला टिकू देत नाही. कवचवाला चांगला निघाला. वितळवायचा फ्रिजमध्ये, रात्रभर, ओट्यावर नाही. (हिस्टामिन. १८ जानेवारी बघ.)

१ मार्च

कार्ड लिहिलं. पाठपोट आठ ओळी. रेघ खरवड. मीठ, वीस मिनिटं, पूस, वाळव. तवा: थेंब पळाला की. तीन मिनिटं हात लावू नको. ५८ ला बंद, चार मिनिटं झाकण. थर्मामीटर नसेल तर पाठीच्या सर्वांत जाड जागी, मणक्यापाशी काटा घालून लोट: पाकळी सुटली आणि मणका स्वच्छ दिसला तर झाला, साय राहिली तर आणखी एक मिनिट. आंबटात दहा मिनिटांच्या वर नाही. कुकर: पाऊण तास.

मावशीने चष्मा लावून वाचलं. पेन मागितलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: "आधी हातात धरून बघ. लोंबला तर घेऊ नको." ही ओळ सर्वांत वर हवी होती, मलाच सुचली नाही. नवं कार्ड लिहायला घेतलं.

२ मार्च

सकाळी थर्मामीटर शोधला. खणात नाही, ओट्यावर नाही. दुपारी मावशीचा फोन आला. मागे तव्याचा आवाज.

"एकसष्ट दाखवतंय गं. आता झाकण ठेवू ना?"

मसाला लावलायस का, विचारलं.

"तो तर लावणारच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.